खालच्या खणाला हरकत

सद्सद्विवेकबुद्धी हा मनुष्यप्राण्याच्या अंगावरचा सर्वांत मौल्यवान दागिना आहे. तो घालून कोणी औषधांच्या दुकानात नोकरीला येऊ नये, एवढंच. कारण दागिना आला की तो गिऱ्हाइकाला दाखवावासा वाटतो, आणि रविवारी सकाळी औषधांच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक दागिने बघायला आलेलं नसतं.

त्या रविवारी आल्या होत्या त्या गणिताच्या बाई. वय त्रेचाळीस, मोठा मुलगा कॉलेजात, धाकटी दहावीला, आणि आदल्या रात्री कंडोम फाटलेला. धाकटीच्या वेळी बाईंचा रक्तदाब असा चढला होता की आई आणि मूल दोघंही हाती लागली हे नशीबच, आणि डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, आता पुन्हा नाही. आज सकाळी फोनवर त्याच डॉक्टरीणबाईंनी गोळीचं नाव सांगितलं. जितकी लवकर घ्याल तितकी बरी, म्हणाल्या, उशीर झाला की तिचा भरवसा कमी होत जातो.

खरं तर दुकानात आधी यजमान गेले होते. यजमान विमा कंपनीत अधिकारी. जोखीम या विषयावर त्यांनी हजारो लोकांना व्याख्यानं दिली होती. ते छाती काढून दुकानात शिरले आणि थोड्या वेळानं गुडघ्याला बांधायचा पट्टा घेऊन बाहेर आले.

"आत बायका होत्या," त्यांनी गाडीत बसत खुलासा केला.

"मग मीही बाईच आहे," असं म्हणून बाई उतरल्या. यजमानांनी काळा चष्मा लावला आणि बंद मोबाइल कानाला धरला.

काउंटरवर फार्मासिस्ट होता. पांढराशुभ्र कोट, मऊ आवाज, आणि चेहऱ्यावर नुकत्याच पुसलेल्या काचेसारखं समाधान. बाईंनी अगदी हळू आवाजात गोळीचं नाव सांगितलं. त्यानं खणखणीत आवाजात उत्तर दिलं. हरकत हळू आवाजात घेतली तर तिचं पुण्य निम्म्यावर येत असावं.

"ती गोळी मी देत नाही, ताई. माझ्या श्रद्धेत बसत नाही."

"संपली आहे का?"

"संपली नाही. खालच्या खणात आहे. पण त्या खणाला मी हात लावत नाही."

बाईंच्या मागे एक आजोबा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी उभे होते. त्यांनी मान पुढे काढून तो खण कुठला ते पाहून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी हा फार्मासिस्ट कुठल्याशा साधना शिबिराला गेला होता. जाताना तो सगळ्या खणांना हात लावत असे. परत आला तो एक खण वजा करून. मालकाला फार्मासिस्ट सोडवत नव्हता, कारण डिग्रीवाला माणूस दुकानात असल्याशिवाय शटर वर करता येत नाही. त्यानं सूट देऊन टाकली. तसं गिऱ्हाईक आलं की ते कंटाळून जाईपर्यंत फार्मासिस्टनं आत जाऊन डोळे मिटून बसायचं आणि तोवर त्याचा चहा यायचा, असं ठरलं. हे बिलावर बसणाऱ्या मुलीनं आठवडाभर पाहिलं आणि तिचीही श्रद्धा जागी झाली. उवा मारायचं औषध विकणं म्हणजे जीवहत्या, असं तिनं मालकाला कळवलं. तिलाही सूट मिळाली. शाळा सुरू झाल्यावर उवांच्या हंगामात ती दिवसदिवस आत बसून असे.

आज मात्र आत जाता येत नव्हतं, कारण मालक घरी होता आणि फार्मासिस्ट आत गेला तर काउंटर सांभाळायला बिलावरच्या मुलीखेरीज कोणी उरत नव्हतं. तेव्हा त्यानं काउंटरवरच प्रबोधन सुरू केलं. लेकरू ही वरच्याची देणगी असते, तुम्ही चाळिशीच्या पुढच्या, या वयात मिळालेलं मूल तर प्रसादच, घराला शोभा येते, वगैरे.

"घराला शोभा भरपूर आहे," बाई म्हणाल्या. "एक कॉलेजात आहे आणि एक दहावीत. आणि अजून काही झालेलंच नाही. ते होऊ नये म्हणूनच ही गोळी. डॉक्टरांनी सांगितलीय."

"डॉक्टरांना त्यांच्या कर्माचं उत्तर द्यावं लागेल, ताई. मला माझ्या."

"आणि रक्तदाब वाढून मी गेले, तर ते कोणाच्या कर्मात जमा?"

याचं उत्तर शिबिरात सांगितलेलं नसावं. फार्मासिस्टनं डोळे अर्धे मिटले आणि चेहऱ्यावर क्षमाभाव आणला. बाईंना हा चेहरा ओळखीचा होता. प्रमेय न येणारी मुलं फळ्यासमोर उभी राहून असाच चेहरा करतात.

"श्रद्धा तुमची आणि पोट माझं," बाई म्हणाल्या. "मालकांना बोलवा."

"बोलवा हो," मागून आजोबा म्हणाले. "आणि तोवर माझ्या गोळ्या द्या. का माझ्या रक्तदाबालाही तुमची काही हरकत आहे?"

मालक दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहत होता. तो घरातल्या चपला आणि बनियनवर शर्ट अशा वेषात, शर्टाची बटणं लावत खाली आला. मालकाला जगात कशालाच हरकत नव्हती आणि याच भांडवलावर त्यानं दुकान उभं केलं होतं. पण त्याच्याकडे डिग्री नव्हती. फार्मासिस्टकडे डिग्री होती, पण त्याला हरकत होती. गोळी विकायला डिग्री आणि बिनहरकत असं दोन्ही एकाच देहात लागतं, आणि असा देह त्या रविवारी त्या दुकानात नव्हता.

मालकानं मग तडजोडीला सुरुवात केली. गोळी मी काढतो, तुम्ही नुसतं बघा, म्हणजे डिग्रीवाल्यासमोर विक्री झाली, असं त्याचं म्हणणं. बघणं म्हणजे संमती, फार्मासिस्टचं उत्तर. मग पाठ फिरवून उभे राहा. पाठ फिरवली तरी मागे काय चाललंय ते मनाला कळतंच. मग मनात दुसरं काही आणा, मालक काकुळतीला येऊन म्हणाला. यावर फार्मासिस्टनं विचार करायला वेळ मागितला.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर यजमानांनीही गाडीतून घड्याळाकडे पाहिलं आणि मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. एव्हाना दुकानात आणखी लोक जमले होते आणि पाप नेमकं कुठं सुरू होतं यावर त्यांच्यात तट पडले होते. खण उघडला की सुरू होतं, असं एका गटाचं मत होतं. पाकीट पिशवीत पडेपर्यंत काही नाही, असं दुसऱ्याचं. एका बाईनं मध्येच गणिताच्या बाईंना निरखून पाहिलं आणि तुम्ही आमच्या मुलाला सातवीला होतात ना, असं प्रेमानं विचारलं. बाईंनी हो म्हटलं. आता नाही म्हणण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

शेवटी तह झाला. फार्मासिस्टनं दुकानात हजर राहायचं, पण तोंड खोकल्याच्या औषधांकडे करून, डोळे मिटून आणि पुटपुटत. खण मालकानं उघडायचा. पाकिटाला मात्र कोणी बोट लावायचं नाही, कारण तेच बोट नंतर इतर औषधांना लागतं. मालकानं यावर चिमटा आणवला. बिलावर गोळीचं नाव घालायला फार्मासिस्ट तयार नव्हता, कारण बिलावर त्याचा नोंदणी क्रमांक छापून येतो. तेव्हा नाव 'किरकोळ' असं घालायचं ठरलं. यावर बिलावरच्या मुलीनं मान खाली घालून सांगितलं की सरांना सूट असेल तर या बिलाचं बटण तीही दाबणार नाही.

"तुला तर उवांची हरकत होती," मालक म्हणाला.

"वाढत वाढत जाते, साहेब."

बटण आजोबांनी दाबायचं ठरलं. त्यांना कशाचीच हरकत नव्हती. त्यांना फक्त घरी जायचं होतं.

फार्मासिस्टनं तोंड फिरवलं आणि पुटपुटायला लागला. मालक गुडघ्यावर बसला आणि खालचा खण ओढला. तो निघेना. दोन वर्षं कोणी न उघडलेला खण जसा निघतो तसाच तो शेवटी निघाला, एकदम आणि मालकाच्या पायावर. आत चिकटलेल्या धुळीतून मालकानं चिमट्यानं एक पाकीट उचललं आणि उजेडात धरलं. मग चिमट्यासकट जवळ नेलं. मग चिमटा टाकून सरळ हातात घेतलं.

"मुदत गेली," तो म्हणाला. दुसरं पाहिलं. तिसरं पाहिलं. "सगळ्यांची गेली."

मुदत संपत आलेली औषधं शोधून बाजूला काढणं हे फार्मासिस्टचं काम. ते करायला खणाला हात लावावा लागतो.

फार्मासिस्टनं डोळे उघडले. त्याचा चेहरा उजळला होता. "बघा ताई, तोच देत नाहीये," तो वर बोट दाखवून म्हणाला. वर पंखा होता.

शिकवण्याच्या इतक्या वर्षांत काही मुलांवर आवाज वाया घालवायचा नसतो हे बाईंना कळलेलं होतं. त्या गाडीत येऊन बसल्या, यजमानांच्या कानाचा मोबाइल काढून घेतला, त्यांचा चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही चालवायचं, आणि प्रत्येक दुकानात तुम्हीच उतरायचं."

यजमान उतरले. पहिलं दुकान रविवारचं बंद होतं. दुसऱ्यात माल संपलेला. तिसऱ्याचा माणूस जेवायला गेला होता आणि जेवून झोपला होता. चौथ्यात यजमानांनी भीड सोडून इतक्या मोठ्यानं गोळी मागितली की रस्त्यापलीकडे ऐकू आली, पण ते जनावरांच्या औषधांचं दुकान निघालं. बाई गाडीत मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांना धाकटीचा जन्म आठवत होता, म्हणजे जन्म नाही, त्याआधीचे दोन दिवस. कॉटभोवती पळणाऱ्या नर्सेस आणि यजमानांचा पांढरा पडलेला चेहरा. यजमानांनाही तेच आठवत असावं, कारण ते गाडी फार जोरात चालवत होते.

संध्याकाळ झाली तेव्हा कोणीतरी सांगितलं की गावाबाहेर मोठ्या रस्त्यावर नवं, साखळीतलं एक दुकान उघडलंय. रविवारीही चालू असतं.

ते काचेचं, दिव्यांनी लखलखलेलं, थंडगार दुकान होतं. या वेळी दोघं बरोबर आत गेले. काउंटरवर निळा टी-शर्ट घातलेला, छातीवर 'मी आपली काय सेवा करू?' असा बिल्ला लावलेला माणूस उभा होता. तो सकाळचाच फार्मासिस्ट होता, इथं संध्याकाळच्या पाळीला.

त्यानं बाईंना ओळखलं. ओळखलं हे त्याच्या डोळ्यांवरून कळलं. चेहऱ्यावरून कळलं नाही, कारण चेहऱ्यावर शिकवलेलं हसू आधीच चढलं होतं.

"नमस्कार मॅडम, आपल्याला काय देऊ?"

बाईंनी नाव सांगितलं. त्यांचा आवाज आता हळू नव्हता. फार्मासिस्ट वाकला, खालचा खण सर्रकन उघडला, पाकीट उचलून मुदत पाहिली, बिलाचं बटण दाबलं, पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं. गोळी एकच आहे, शक्य तितक्या लवकर घ्या, तीन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागेल, पाळी आठवड्यापेक्षा जास्त लांबली तर तपासणी करून घ्या, असं सगळं त्यानं मऊ आवाजात आणि अगदी बिनचूक सांगितलं. मग विचारलं, आपल्याकडे आमचं सवलतीचं कार्ड आहे का?

यजमान काहीतरी बोलणार होते. बाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. त्यांनी तिथंच पाकीट फोडलं, दुकानाच्या कोपऱ्यातल्या कूलरचं पाणी घेतलं आणि गोळी गिळली. पेला कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि काउंटरपाशी परत आल्या.

"सकाळची ती हरकत," त्यांनी विचारलं, "तिचं काय झालं?"

फार्मासिस्टनं मागच्या काचेच्या केबिनकडे एकदा पाहिलं. आत मॅनेजर बसलेला होता. मग तो पुढे झुकला आणि दिवसभरात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"मॅडम, इथं मी अजून प्रोबेशनवर आहे."