कुंपणावरून आलेला नारळ

"हंसे, वस्तू फेकायची नाय. समोरच्याच्या हातात द्यायची!"

सासूबाई गेल्या, पण घिवली गावच्या अंगणातला त्यांचा हा आवाज हंसाच्या कानात तसाच राहिला होता, आणि यंदा तो तिला हिवाळाभर जाळत होता. कारण धाकट्या जावेनं, जमनानं, लेकीच्या साखरपुड्याचं आमंत्रण चक्क कुंपणावरून फेकलं होतं. दारात येणं नाही, हातात सुपारी नाही, कपाळाला कुंकू नाही, नुसती हाक, "उद्या या गं!" आणि पाठ. हंसा गेली नाही. तेव्हापासून अबोला. आता त्याच लेकीची, हिमानीची, हळद परवावर आली. मांडवाचे बांबू आले, आमंत्रण तेवढं आलं नाही. जिला मांडीवर जोजवली, तिच्याच हळदीला आपण कुंपणाअलीकडं? हंसा रागावली की आधी तिची भांडी बोलत. त्या दिवशी सकाळपासून भांड्यांना उसंत नव्हती.

त्यातच तिची रिद्धी पालघरहून रग्बीचा सराव करून आली, ती तोंड पाडूनच.

"काय झालं?"

"सारखी नॉक-ऑन होते, आय. सर बोलले, असंच चाललं तर बाहेर बस."

"काय होते?"

"चेंडू हाताला लागून पुढं सांडतो. खाली पडला की शिट्टी. मंग चेंडू समोरच्यांना."

"मुद्दाम सांडतेस?"

"नाय गं!"

"मंग शिक्षा कसली? कोनी केला हा नियम? त्याला आन माज्यासमोर!"

तो काही येण्यासारखा नव्हता. हंसानं पडवीतला न सोललेला नारळ उचलला आणि कुंपणाला पाठ लावून उभी राहिली. "हा तुजा चेंडू. धर!"

नारळ रागाच्या हातून सुटलेला. रिद्धीनं घाबरून तो दोन्ही हातांनी उडवला, आणि आईच्या खांद्यावरून तो थेट जमनाच्या अंगणात गेला. बोंबील वाळत घातलेला बांबू धाडकन आडवा झाला. बोंबील मातीत, कोंबड्या बोंबलांत.

जमना झाडू घेऊन बाहेर आली. हंसा समोर हातभरावर, पण जमना बोलली ती रिद्धीशी. "तुज्या आयला सांग, हळदीच्या तोंडावर माज्या बोंबलांची माती केली."

"काकीला सांग, मुद्दाम नाय झालं."

"विचार तिला, नारळाला पाय फुटले का?"

"नॉक-ऑन झाली, काकी," रिद्धी रडवेली झाली. "माज्या हाताला लागून पुढं पडला. म्हंजे चूक आमची, चेंडू तुमचा."

जो नियम हंसाच्या डोक्यात शिरत नव्हता, तो जमनाला एका दमात पटला. "लय चांगला नियम हाय! नारळ माजा." आणि तिनं तो काखोटीला मारला.

"रिद्धे, तू कोनाच्या बाजूची गं?" हंसा कडाडली. "आनि विचार काकीला, आमंत्रन फेकलेलं चालतं, नारळ नाय चालत?"

जमना लालभडक झाली. "सांग तिला, घे म्हनावं तुजा नारळ!"

नारळ सणसणत आला, हंसाच्या हातांना लागला, पुढं उडाला.

"सांडला! सांडला!" जमना नाचली.

पण हंसा हरणाऱ्यांतली नव्हती. ती अशी झेपावली, की पोट कुंपणावर, हात कुंपणापलीकडं, आणि जमिनीला टेकायच्या आत नारळ पुन्हा तिच्या पंजात.

"आय, चूक नाय!" रिद्धी किंचाळली. "पडायच्या आत परत धरलास! खेळ चालू!"

खेळ चालू राहिला, कुंपण नाही राहिलं. ते कडकडा मोडलं, आणि हंसा नारळासकट जावेच्या अंगणात, बोंबलांवर पालथी झाली. कोंबड्या पळाल्या.

जमनानं झाडू टाकला. हंसाला दंडाला धरून उठवली, तिच्या अंबाड्यात अडकलेला बोंबील हळूच काढला. मग नारळ घेतला, पदरानं पुसला आणि परत हंसाच्या दोन्ही हातांत ठेवला.

"परवा हळद हाय हिमानीची, ताय. पयली हळद तूच लावायची."

हंसाचा राग अजून उतरला नव्हता. "मंग त्या दिशी फेकलंस कशाला?"

जमनानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"सुपारी घेऊनच निगालेले गं. कुंपनापरयंत आले, तर तू भांडी आपटत होतीस. ताय, मला तुजी लय भीती वाटते."