दोन प्रतींत रद्द

ऑफिसात त्यांना सगळे 'आवकजावक' म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. आलेलं पत्र आवक रजिस्टरात, गेलेलं जावक रजिस्टरात आणि प्रत्येक कागद दोन प्रतींत, एवढ्या भांडवलावर त्यांची सत्तावीस वर्षं नोकरी झाली होती. एक प्रत समोरच्याला, एक आपल्या फायलीला. एकाच प्रतीवर विसंबणारा माणूस कधी ना कधी फसतोच, असं ते नव्या कारकुनांना सांगत. (दोन प्रतींवर विसंबणारा कसा फसतो, ते आता ऐका.)

सुरुवात घोरण्यावरून झाली. बायको म्हणे, "तुम्ही घोरता." हे म्हणत, "छे! घोरत असतो तर मला ऐकू आलं नसतं?" बावीस वर्षं हे प्रकरण प्रलंबित होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीने तर निकालच देऊन टाकला होता, "आमच्या घराण्यात कुणी घोरत नाही."

शेवटी पुराव्यासाठी त्यांनी घोरणं मोजणारं एक ॲप फोनवर घेतलं. सात दिवस फुकट, मग वर्षाची वर्गणी एकदम. फुकट असूनही त्याने कार्डाचा नंबर मागितला, हे त्यांना जरा चमत्कारिक वाटलं. पण स्वतःच्या कार्डाची मुदत संपलेली, म्हणून बायकोचं कार्ड दिलं. ती घरी शिवणकाम करायची. कार्डावर तिची कमाई होती.

"त्यातून एक रुपया जरी गेला," तोंडातली टाचणी काढून ती म्हणाली, "तर तुमचं अंथरूण बाहेरच्या खोलीत. वर्षभर!"

बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे आणि एक सोफा होता. त्या सोफ्यावर आवकजावक जेमतेम गुडघ्यापर्यंत मावत. त्यांनी लगेच नोंद केली (घरीही एक रजिस्टर होतं): 'ॲप. आवक सोमवार. जावक शनिवार.'

"आजच का नाही रद्द करत?"

"अगं, फुकट ते पौष्टिक!"

रोज सकाळी ॲप एक आकडा दाखवी. मंगळवारी एकोणऐंशी, बुधवारी चौऱ्याऐंशी, शुक्रवारी सत्याऐंशी.

"बघ," ते चहा पिताना म्हणाले, "शंभरपैकी सत्याऐंशी. शाळेत कधी मिळाले नव्हते."

"कशाचे पण?"

"झोपेचे. आणखी कशाचे असणार?"

शनिवारी सुट्टी होती. रद्द करण्याचं बटण शोधण्यातच पाऊण तास गेला. सापडलं तेव्हा फोन विचारू लागला, 'खरंच जाताय? आमचं काही चुकलं का?' आवकजावकांना उगीचच अपराधी वाटलं. तरी मन घट्ट करून त्यांनी 'हो' दाबलं. 'तुमची वर्गणी रद्द झाली आहे.'

दुसरा कुणी असता तर फोन ठेवून जेवायला बसला असता. पण ही झाली समोरच्याची प्रत. फायलीच्या प्रतीचं काय? त्यांनी त्याच जागचं बटण पुन्हा एकदा, जरा जोरात, दाबलं. (बटणावरची अक्षरं आता बदलली होती. पण दुसरी प्रत वाचतं कोण? ती पहिलीसारखीच असते.) पडद्यावर फुलं उधळली आणि अक्षरं आली: 'पुन्हा स्वागत आहे!'

"माणसं चांगली आहेत गं," ते बायकोला म्हणाले, "निघताना 'पुन्हा या' म्हणायला विसरत नाहीत."

सोमवारी सकाळी बायकोच्या फोनवर मेसेज आला. वर्षाची वर्गणी कापली गेली होती. कपाटातून एक चादर काढून तिने त्यांच्या हातात ठेवली.

"थांब, काहीतरी घोटाळा आहे!" म्हणत त्यांनी कंपनीला फोन लावला. बायकोने स्पीकर सुरू केला.

"सर," पलीकडची मुलगी म्हणाली, "शनिवारी अकरा वाजून बारा मिनिटांनी तुम्ही वर्गणी रद्द केलीत. अकरा तेराला पुन्हा सुरू केलीत."

"सुरू नाही हो! ती दुसरी प्रत होती!"

पलीकडे कीबोर्ड खडखडला.

"कसली प्रत, सर?"

आवकजावकांनी तिला दोन प्रतींची पद्धत पहिल्यापासून समजावली. तिला ती समजली नाही. मग तिला काय समजलं नाही, हे त्यांना समजेना.

"एक मार्ग आहे," ती शेवटी म्हणाली. "सात दिवसांत ॲपला घोरणं सापडलं नसेल, तर पूर्ण पैसे परत मिळतात."

आवकजावकांचा चेहरा खुलला. "मग झालंच काम! मी घोरतच नाही. सत्याऐंशी मार्क आहेत मला!"

"सर... ते घोरण्याचेच आहेत."

"आं?"

"शंभर अजून कुणाला पडलेले नाहीत, सर. रेकॉर्डिंग लावू?"

नको म्हणायच्या आत तिने लावलं. कुणीतरी जड कपाट फरशीवरून ओढत नेत होतं, मध्येच थांबत होतं, शिटी मारत होतं आणि पुन्हा ओढत होतं.

"हे कोण?" आवकजावकांनी गोंधळून विचारलं.

"तुम्हीच, सर. बुधवारचे."

बायको डोळे मिटून ऐकत होती. आता आपली काही धडगत नाही, असं वाटून आवकजावकांनी चादर उचलली, उशी काखोटीला मारली आणि मुकाट्याने बाहेरच्या खोलीची वाट धरली. दारात त्यांच्या कानावर बायकोचा आवाज आला. बावीस वर्षांत तो इतका गोड कधी लागला नव्हता.

"पैसे राहू देत हो, वसूल झाले. एवढं रेकॉर्डिंग तेवढं पाठवा. आणि हे बघा, दोन प्रतींत पाठवा. एक माझ्या फायलीला, एक यांच्या ताईंना."