बोडक्या कढीपत्त्याचा कृष्णधवल तपास

गुन्हा कुठेही, कधीही आणि कोणत्याही कपड्यांत करता येतो. तपासाचं तसं नाही. तपासाला टोपी लागते. नुसत्या गणवेशातल्या तपासाने गुन्हे उलगडतात खरे, पण बघायला मजा येत नाही. आणि जी गोष्ट बघायला मजा येत नाही तिच्यावर समाजाचा विश्वास किती दिवस टिकणार?

हे तत्त्व आमच्या सर्जापूर रोडवरच्या संकुलात पहिल्यांदा मांडलं ते त्रिविक्रमरावांनी. ते एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. यंदा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. (स्वेच्छा कंपनीची होती.) मग ते घरी बसून जुने काळे-पांढरे गुप्तहेरपट पाहू लागले. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळच्या कॉफीबरोबर. महिनाभरात त्यांच्या बोलण्यातले रंग गेले. पत्नी विमलाबाईंनी विचारलं, "भाजी काय करू?" तर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "या शहरात भाजी कोणाचीच नसते, विमला."

"सरी," विमलाबाई कानडीत 'बरं' म्हणायच्या, "मग दोडका करते."

अशा तयारीच्या माणसाला फक्त गुन्ह्याची वाण होती. ती बागेतल्या कढीपत्त्याने भरून काढली.

हे झाड (आमच्या घरात अजून कानडीतलं करिबेवुच म्हणतात; आम्ही इथे आलो तेव्हा सर्जापूरला रोड नव्हता) पिराजीने लावलेलं. पिराजी आमचा वॉचमन, निपाणीकडचा. इमारत नुसते खांब होती तेव्हापासून तो इथे आहे. झाड चांगलं डेरेदार झालं होतं. या वर्षी मात्र त्याला टक्कल पडू लागलं, आणि तेही खालून वर. (निसर्गात हे उलट असतं. याबाबत आमचे अध्यक्ष अधिकाराने बोलू शकतील.) हाताला येतील तेवढ्या फांद्या साफ बोडक्या, आणि वर, हात पोचत नाही तिथे, हिरवागार शेंडा.

अध्यक्ष रघुनंदन यांनी तातडीची सभा बोलावली. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. वॉचमन दिवसभर गेटवर असतो. झाड गेटसमोर आहे. तेव्हा एकतर पाला तो चोरतो, नाहीतर चोरी होताना तो झोपतो. दोन्ही बाबतींत त्याला काढणं योग्य. फक्त नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वानुसार काढण्यापूर्वी चौकशी व्हावी, आणि निर्णय आधीच झालेला असल्यामुळे ती सावकाश झाली तरी चालेल. त्रिविक्रमरावांनी हात वर केला. पिराजीला काढण्याच्या ठरावाला, त्यांच्या नेमणुकीसह, सगळ्यांनी हात वर केले. आमच्या संकुलात एकमताने झालेला हा पहिलाच ठराव. (मी त्या दिवशी गावाला होतो.)

नोकरी गेली की राहायला मिळालेली जनरेटरमागची खोलीही जाणार होती. पिराजीची बायको अंबूबाई संकुलातच दोन घरी पोळ्या करते. ती दुसऱ्या दिवशी त्रिविक्रमरावांना जिन्यात भेटली. "सायेब, भांडी बांधू का नको, तेवढं सांगा की."

त्रिविक्रमरावांनी टोपी पुढे ओढली आणि तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "ती प्रश्न घेऊन आली होती. माझ्याकडे उत्तरं नव्हती. फक्त एक ओव्हरकोट होता."

अंबूबाईने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ती घरी जाऊन भांडी बांधायला लागली.

इथे तपासशैलीची थोडी माहिती देणं आवश्यक आहे. या शैलीत गुप्तहेराच्या मनातलं प्रेक्षकांना ऐकू जावं लागतं. सिनेमात त्यासाठी वेगळं ध्वनिमुद्रण असतं. संकुलात ती सोय नसल्यामुळे त्रिविक्रमराव मनातलं मोठ्याने बोलत. लिफ्टमध्ये ते भिंतीकडे तोंड करून म्हणत, "चौथ्या मजल्यावरचा माणूस हसला. चौथ्या मजल्यावरची माणसं उगाच हसत नाहीत." चौथ्या मजल्यावरचा माणूस शेजारीच उभा असे. संकुलातलं हसणं यामुळे लक्षणीय घटलं आणि जिन्याचा वापर वाढला. (आरोग्य उपसमितीने हे आपल्या कार्यात धरलं आहे.)

कार्यालय म्हणून त्यांना क्लबहाउसमधली कॅरमची खोली मिळाली. संशयिताच्या चेहऱ्यावर आडव्या सावल्यांचे पट्टे पडणं अनिवार्य असतं. तसे पडदे असोसिएशनकडे नव्हते, म्हणून खिडकीत कपडे वाळत घालायचा स्टँड उभा करण्यात आला. पट्टे उत्तम पडले. विमलाबाई एक जोड मोजे काढायला विसरल्या होत्या, त्यामुळे पहिल्या जबानीत पिराजीच्या कपाळावर दोन मोज्यांची सावली होती. त्याने तो जास्तच गुन्हेगार दिसत होता, असं सर्वांचं मत पडलं.

खिडकीवर पाऊस हवा. आमच्याकडे पिण्याचं पाणी टँकरने येतं, म्हणून सांडपाणी शुद्ध करून बागेला देतात त्या पाण्याला मंजुरी मिळाली. त्याला वास येतो, पण पापाला वास असतोच, असं त्रिविक्रमराव म्हणाले. आता पाइप कोणी धरायचा? बागेचं काम पिराजीकडेच. तेव्हा चौकशी चालू असताना संशयित खिडकीबाहेर उभा राहून काचेवर पाऊस पाडत असे, आणि प्रश्न आला की पाइप बंद करून आत येऊन उत्तर देत असे.

"तू पाला तोडलास?"

"नाही सर."

"कोणी तोडला?"

पिराजीने ओले हात सदऱ्याला पुसले. "नाव घ्यायचं म्हटलं तर अवघड हाय सर," तो म्हणाला आणि पुन्हा पाऊस पाडायला गेला. त्रिविक्रमरावांनी हे संशयास्पद म्हणून नोंदवलं.

शैलीच्या नियमानुसार एका सुंदर स्त्रीने कार्यालयात येऊन खोटं बोलावं लागतं, आणि गुप्तहेराने ते खरं मानावं लागतं. सूचनाफलकावर आवाहन करण्यात आलं. तिसऱ्या मजल्यावरची शाल्मली घरूनच काम करते. तिला दोन मीटिंगांच्या मध्ये वेळ होता. ती कानाला हेडफोन लावून, लॅपटॉप उघडाच हातावर धरून दारात उभी राहिली.

"मी म्यूटवर आहे काका, पटकन. काय म्हणायचंय मी?"

"तुला काही माहीत नाही असं म्हण."

"मला काही माहीत नाही," शाल्मली म्हणाली, आणि निघून गेली. त्रिविक्रमराव दाराकडे बघत राहिले. "ती खरं बोलत होती," त्यांनी कॅरमबोर्डाला सांगितलं. "तिथेच माझा घात झाला."

मग गुप्तहेराच्या डोक्यात अज्ञात व्यक्तीने मागून घाव घालणं. यासाठी कोणी पुढे आलं नाही. (आले असते, पण विमलाबाई समोर होत्या.) सुदैवाने त्रिविक्रमराव स्वगत बोलत गेटमधून येत असताना गाड्या अडवायचा आडवा दांडा त्यांच्या टोपीवर आला. ते खाली बसले. पिराजीनेच त्यांना उठवून सावलीत नेलं, ताक पाजलं आणि टोपीला पडलेला पोचा आतून दाबून काढला. आपला संशयित आपल्याला इतका लागेल हे त्रिविक्रमरावांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदाच ते मनातलं मनात बोलले.

आता राहिला मुख्य मुद्दा, रंगाचा. झाड हिरवं होतं. त्रिविक्रमरावांनी असोसिएशनला समजावून सांगितलं की घटनास्थळ हिरवं असेल तर तपास कृष्णधवल म्हणताच येणार नाही. अध्यक्षांनी खर्चाचं विचारलं. खर्च काही नव्हता. गणपतीची पांढरी रांगोळी पोतंभर उरली होती. शनिवारी दुपारी पाइपाने झाड ओलं करून, शिडी लावून उरलेल्या सगळ्या पाल्यावर ती चाळणीने चाळण्यात आली. झाड भुतासारखं पांढरं दिसू लागलं. लहान मुलं रडली. त्रिविक्रमराव शिडी झाडालाच ठेवून समाधानाने घरी गेले.

रविवारी सकाळी, साधारण उपम्याच्या वेळेला, अंतिम जबानी ठेवली होती. अंतिम जबानीला खोलीत धूर लागतो. संकुलात धूम्रपानाला बंदी आहे. त्रिविक्रमरावांनी कायदा मोडला नाही. देवघरातली धुपाटणी आणून सांब्राणीचा धूप घातला. धूर इतका झाला की पिराजी कोणत्या खुर्चीवर आहे हे ठरवता येईना. "खरं सांग, पिराजी," धुरातून आवाज आला, आणि त्याच क्षणी आगीची घंटा वाजली.

आमच्या संकुलात आगीची तालीम अनेकदा ठरली आणि अनेकदा रद्द झाली. त्यामुळे लोक खरोखर घाबरले, आणि जे हातात होतं ते घेऊन पळत खाली आले. अशा वेळी माणसं आपल्या आयुष्यातली सर्वांत मौल्यवान वस्तू उचलतील असा तज्ज्ञांचा अंदाज असतो. तो चुकीचा आहे. रविवारी सकाळी माणूस झारा उचलतो. कोणी उलथनं, कोणी तडतडणारी फोडणीची कढली, कोणी अर्धा सोललेला कांदा घेऊन जिन्यातून उतरला. सगळे बागेत जमले. ऊन लख्ख होतं. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या दुसऱ्या हातात कढीपत्त्याची एकेक डहाळी होती.

पांढरी.

शाल्मलीने आपली डहाळी लॅपटॉपखाली सारली. अध्यक्ष रघुनंदन यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि आकाशातल्या विमानाकडे पाहू लागले. (विमान नव्हतं.) पिराजी धुरातून डोळे पुसत बाहेर आला, आणि आपल्या झाडाखाली जमलेल्या त्या पांढऱ्या डहाळ्यांकडे त्याने हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं.

"धुऊन घ्या की आधी," तो म्हणाला. "रांगोळी हाय ती. लेकरांच्या पोटात जाईल."

त्रिविक्रमरावांनी मात्र हा पुरावा फेटाळला. भर उन्हात, सगळ्यांसमोर, आपोआप सापडलेलं सत्य या शैलीत ग्राह्य धरत नाहीत. प्रकरण त्यांच्या लेखी आजही उघडं आहे.

सभा मात्र तिथेच भरली. अध्यक्षांनी हात पाठीमागेच ठेवून विषय मांडला. एकाने केली तर ती चोरी. सगळ्यांनी केली तर ती सुविधा. संकुलाच्या माहितीपत्रकात पोहण्याच्या तलावानंतर कढीपत्त्याचा समावेश करावा, असं ठरलं. पिराजीला काढण्याचा ठराव एकमताचा असल्यामुळे रद्द करता येत नव्हता; तो स्थगित झाला. शेवटी अध्यक्ष भावनावश होऊन म्हणाले, "असोसिएशनने मोठ्या मनाने पिराजीला माफ केलं आहे." टाळ्या पडल्या. हातात झारे असल्याने आवाज चांगला आला.

पिराजीने हात जोडले. अंबूबाईने नाही जोडले.

"माफ?" ती म्हणाली. "कशापायी?"

टाळ्या थांबल्या. या प्रश्नासाठी नियमावलीत कलम नव्हतं. लोक एकमेकांच्या फोडणीकडे बघू लागले. मग शाल्मली पुढे झाली, डहाळी तशीच हातात, आणि म्हणाली, "अंबूअक्का, चूक आमची आहे. पिराजीअण्णा, सॉरी." बाकीच्यांनी तिचं म्हणणं सर्वांच्या वतीने आलं आहे असं समजून घेतलं आणि उपमा करपतोय म्हणून वर गेले.

अंबूबाईने बांधलेली भांडी सोडली. पण ज्या दोन घरी ती पोळ्या करायची त्यांतलं एक अध्यक्षांचं होतं. तिथे ती परत गेली नाही. रघुनंदन हल्ली स्वतः पोळ्या लाटतात. (आकाराबाबत चौकशी चालू आहे.)

एवढं वाचून तुम्हाला बरं वाटलं असेल. आमच्या रहिवाशांचा राग आला असेल, पिराजीची बाजू तुम्ही पहिल्यापासूनच घेतली असेल, आणि आपण त्यांच्यातले नाही याची खात्रीही पटली असेल. ती नोंदवून घेण्यास हरकत नाही. फक्त एका छोट्या औपचारिकतेची पूर्तता करावी: आपल्या इमारतीच्या वॉचमनचं नाव सांगावं.

('काका' धरलं जाणार नाही. 'सिक्युरिटी' तर नाहीच. आणि खाली जाऊन विचारून येऊ नये. त्याला संशय येईल.)