पलंगाखालचा बाळकृष्ण

“उल्का, तू बघच! त्या बाई दारातून आत पाऊल टाकतील आणि तिथल्या तिथे आपल्याला पास करतील! शंभरापैकी शंभर!”

मनोहर असं छातीठोक बोलला, की उल्का हमखास मनातल्या मनात देवाचं नाव घेई. सिंगापूरला येताना “लोणचं सांडणं शक्यच नाही” असंही तो असाच म्हणाला होता. त्याच्या लग्नातल्या सुटाला अजून कैरीचा वास येतो!

पण आजची गोष्ट लोणच्याची नव्हती. साताऱ्याजवळच्या एका अनाथाश्रमात अवनी नावाची तीन वर्षांची मुलगी होती, आणि उल्का-मनोहरला तिला दत्तक घ्यायचं होतं. दोघं जाऊन तिला भेटून आले होते. तासभर ती खांबामागून बाहेर आली नव्हती. मग आली ती सरळ उल्काच्या मांडीवर, आणि निघताना तिनं उल्काच्या हातातली एक हिरवी बांगडी काढून घेतली ती घेतलीच! आता सगळं अडलं होतं एका भेटीवर. सिंगापूरच्या एक समाजसेविका वुडलँड्सच्या त्यांच्या फ्लॅटवर येणार, घर बघणार, माणसं बघणार आणि रिपोर्ट लिहिणार. रिपोर्ट चांगला गेला तर अवनी घरी. नाहीतर बांगडी तिकडे आणि हात इकडे!

उल्काचा आवाज इतका हळू, की तिच्यापुढे घरातला कुकरही भांडकुदळ वाटे. नेम मात्र पक्के. पहाटेची पूजा, रोज पोथीचा एक अध्याय, गुरुवारी एकभुक्त. आणि आश्रमातून परत आल्या दिवशी तिनं देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण उचलला आणि तांब्याच्या घंगाळात, पाण्यात ठेवला. “माझी लेक घरी येईपर्यंत तुला बाहेर काढायची नाही,” असं हात जोडून सांगितलं. आपल्याकडे देव पाण्यात ठेवायची रीत आहेच. देवाला जरा अडचणीत टाकलं, की तो आपली अडचण लवकर सोडवतो!

“अगं, पण त्या बाईंनी हे पाहिलं तर?” मनोहरनं कपाळाला हात लावला. “मूल मागायला बसलेलं जोडपं, आणि घरात एक बाळ पाण्यात बुडवून ठेवलेलं! काय समजतील त्या?”

“पितळेचं आहे हो.”

“ते मला माहीत आहे! आजच्यापुरता बाहेर काढ की.”

“नाही.”

उल्का एवढंच म्हणाली, आणि तेही पुटपुटल्यासारखं. पण बारा वर्षांच्या संसारात मनोहर एक गोष्ट शिकला होता. तिचं ‘नाही’ जितकं हळू, तितकं पक्कं! शेवटी तडजोड झाली. अवनीसाठी आणलेल्या नव्या पलंगाखाली घंगाळ सरकवायचं आणि वर ताट झाकायचं.

मनोहरनं स्वतःची तयारी दाराशीच मांडली होती. ऑफिसातल्या मित्राच्या सल्ल्यानं त्यानं ‘भाग्याचा बांबू’ आणला होता. काचेच्या बरणीत पाणी, पाण्यात रंगीत गोटे, त्यात हिरवेगार बांबू! “इथल्या लोकांना आपण परके वाटायला नकोत,” तो म्हणाला. “तुझं पाणी लपव, माझं दिसू दे!”

अकराची वेळ ठरली होती. पावणेअकराला मनोहर समाजसेविकाबाईंना घ्यायला एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवर निघाला. जाता जाता शेवटच्या सूचना सुरूच. “चुकामूक झाली आणि त्या आधी आल्या तर घाबरू नकोस! गळ्यात कार्ड असेल. म्हणतील ते दाखव. कशालाही नाही म्हणू नकोस!”

तो लिफ्टनं खाली गेला आणि दोन मिनिटांत बेल वाजली.

दारात निळ्या शर्टातले एक मध्यमवयीन मलाय गृहस्थ. गळ्यात कार्ड, हातात टॉर्च.

“गुड मॉर्निंग, मॅडम. मी रोस्लान. इन्स्पेक्शन.”

उल्का क्षणभर गोंधळली. येणार होत्या बाई, आले बुवा! पण सरकारी कारभार कुठलाही असो, माणसं आयत्या वेळी बदलायचीच. तिनं पदर सावरला. “या ना! तुमचीच वाट बघत होते.”

रोस्लान दचकले. त्या वर्षी सिंगापुरात डेंगीचा कहर होता. खाली लिफ्टशेजारी इशाऱ्याची लाल पाटी लागली होती आणि साठलेलं पाणी शोधत डासांचे इन्स्पेक्टर घरोघर फिरत होते. पण एवढ्या हिंडण्यात “वाट बघत होते” म्हणणारं घर त्यांना हे पहिलंच भेटलं!

उल्कानं आधी लग्नाचा अल्बम दाखवला. रोस्लान म्हणाले, “छान. बाथरूम कुठंय?”

बाथरूममधली बादली त्यांनी तिरकी करून बघितली. मोरीच्या जाळीवर टॉर्च मारला. फ्रिजमागचा ट्रे ओढला, भांड्यांच्या स्टँडखाली बोट फिरवलं. उल्का थक्क! तिला बघायला आलेल्या सासूबाईंनीसुद्धा इतक्या बारकाईनं पाहिलं नव्हतं. एका मुलीसाठी किती काळजी घेतात हे लोक!

“घर फार स्वच्छ आहे, मॅडम.”

उल्काचे डोळे भरून आले. तिनं बशीभर शिरा पुढे केला. “घ्या ना. आणि ही आमची अवनी.” तिनं फोटो दाखवला.

“गोड आहे! शाळेत गेलीय?”

“नाही. भारतात आहे. तुम्ही हो म्हणालात तरच येईल.”

शिऱ्याचा चमचा रोस्लानच्या तोंडाशी थांबला. वीस वर्षं ते डास शोधत होते. पण त्यांच्या परवानगीवाचून कुणाची मुलगी विमानात बसत नाही, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं!

“माझी… माझी काहीच हरकत नाही, मॅडम. येऊ दे की!”

“खरंच?”

“खरंच! आजच येऊ दे, लाह!” रोस्लाननी इथल्या बोलीतलं ‘लाह’ही जोडून दिलं.

झालं! उल्का देव्हाऱ्याकडे वळली आणि साखर ठेवून डोळे मिटून उभी राहिली. इतक्या महिन्यांचं ओझं उतरलं होतं. तोवर रोस्लान राहिलेली खोली उरकायला आत गेले. अवनीची खोली. ते वाकले. पलंगाखाली टॉर्च मारला. ताट बाजूला केलं.

आणि त्याच क्षणी मनोहर लॅच उघडून आत आला. सोबत चष्म्याची साखळी गळ्यात अडकवलेल्या, करड्या केसांच्या मिसेस ऑलिव्हेरो, म्हणजे खऱ्या समाजसेविका! मनोहर सांगत होता, “आमच्या घरात, मॅडम, लहान मुलांच्या सुरक्षिततेला—”

“मॅडम!” आतून रोस्लान ओरडले. “पलंगाखाली पाण्यात बाळ आहे!”

मिसेस ऑलिव्हेरोंच्या हातातली पर्स धपकन खाली पडली.

“ते आमचं नाही!” मनोहर किंचाळला. “म्हणजे आमचंच आहे! पण खरं नाही! आणि हा माणूस कोण आहे?”

“ते घर बघायला आलेले,” उल्का म्हणाली. “त्यांनी हो म्हटलंय.”

“घर बघायला मी आले आहे,” मिसेस ऑलिव्हेरो म्हणाल्या.

“मी डास बघायला आलोय!” रोस्लान घंगाळ घेऊन बाहेर आले.

उल्का त्यांच्याकडे बघतच राहिली. मग मिळालेला होकार डासांचा होता? ती सोफ्याच्या कडेवर टेकली. संपलं सगळं! मनोहर ‘हेरिटेज’, ‘कल्चर’, ‘सिम्बॉलिक’ असे शब्द पॉपकॉर्नसारखे उडवत होता. मिसेस ऑलिव्हेरोंनी त्याला हातानं थांबवलं आणि उल्काशेजारी येऊन बसल्या.

“तुम्ही सांगा. तो पाण्यात का आहे?”

उल्कानं सांगितलं. तिचं इंग्रजी मोडकं आणि आवाज एवढासा, त्यामुळे तिघांनाही माना पुढे काढाव्या लागल्या. लेक घरी येईपर्यंतचा नेम. लपवला, कारण तुम्हाला वाटेल, ही बाई बाळांना बुडवते.

रोस्लाननी घंगाळात टॉर्च मारला, बोट घातलं आणि चपापले. “कोमट आहे!”

“रोज सकाळी बदलते,” उल्का मान खाली घालून म्हणाली. “दिवसभर एसी असतो. त्याला गार लागेल, म्हणून थोडं गरम घालते. नेमात बसत नाही खरं तर… पण लहान आहे ना तो.”

मिसेस ऑलिव्हेरोंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“माझी आजी,” त्या म्हणाल्या, “मावशीचं लग्न जमावं म्हणून संत अँथनीची मूर्ती विहिरीत उलटी टांगायची. तीन वर्षं लटकला बिचारा! मावशीला कुणी पसंतच पडेना. तुमचा बराच सुखात आहे.”

उल्का हसली. आणि मग हसता हसता रडली. मनोहरनं भिंतीला पाठ टेकून सुस्कारा असा सोडला, की वाटावं कुकरचं झाकणच उडालं! रोस्लाननी राहिलेला शिरा संपवला. मिसेस ऑलिव्हेरोंनी आपला सुरू केला.

“देवाचं पाणी एकदम स्वच्छ!” रोस्लाननी निघताना जाहीर केलं. आणि चपला घालताना दाराशी थांबले. टॉर्च लागला. बरणीतल्या रंगीत गोट्यांवर काहीतरी वळवळत होतं.

“सर, हा बांबू कोणाचा?”

भाग्याच्या बांबूत डासांच्या अळ्यांचं भाग्य उजळलं होतं! नोटीस मनोहरच्या नावानं निघाली. मिसेस ऑलिव्हेरोंनी ती मान वाकडी करून वाचली आणि म्हणाल्या, “काळजी करू नका. माझा रिपोर्ट माणसांवर असतो. डासांवर नाही.”

पुढच्या उन्हाळ्यात अवनी आली. चांगी विमानतळावर उतरली तेव्हा हातात ती हिरवी बांगडी, दंडापर्यंत सरकवलेली. त्याच संध्याकाळी उल्कानं बाळकृष्णाला पाण्याबाहेर काढलं, पंचामृतानं न्हाऊ घातलं, मऊ फडक्यात गुंडाळलं. अवनी टक लावून बघत होती. मनोहरला राहवलं नाही. त्यानं तिला मांडीवर घेऊन सगळी गोष्ट रंगवून सांगितली. “आईनं याला पाण्यात ठेवलं, आणि मग तू आलीस!”

दुसऱ्या दिवशी पहाटे उल्का पूजेला बसली, तर देव्हारा रिकामा! शोधाशोध झाली. बाळकृष्ण सापडला आंघोळीच्या बादलीत, गळ्याइतक्या पाण्यात. शेजारी अवनी मांडी घालून, हात जोडून.

“अगं बाळा, हे काय?”

“मला मांजर पाहिजे.”

आता आली का पंचाईत! इथल्या सरकारी फ्लॅटात मांजर पाळायला बंदी. आणि देवाला बाहेर काढू का म्हटलं, तर अवनीचं ‘नाही’ आईपेक्षाही हळू!

तेव्हा बाळकृष्ण सध्या पाण्यातच आहे. पाणी रोज सकाळी बदलतो मनोहर. कोमट घालून, आणि टॉर्च मारून बघून!