किल्ल्यात अडकलेला काळनाथ

मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात कुणालाही विचारा, "सत्यवान परब खंय रवतत?" समोरचा आधी कपाळावर हात मारील आणि मगच घर दाखवील. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना एकच वेड होतं: 'काळनौका'! पस्तीस वर्षं चाललेली कादंबरीमालिका, अठ्ठेचाळीस पुस्तकं, शिवाय टीव्हीवर चार वर्षं. तिचा नायक काळनाथ एका होडीत बसतो, हव्या त्या शतकात जातो आणि जेवणाच्या वेळेला परत येतो. अठ्ठेचाळीसही पुस्तकं सत्यवानांकडे होती, अनुक्रमाने, प्लॅस्टिकच्या वेष्टनात!

"काळनाथाच्या होडयेक खिळे किती, ता माका इचारा!" असं ते गाडीची वाट बघणाऱ्यांना म्हणत. कुणी विचारत नसे. तरी ते सांगत. एकशे बारा!

पण गेली सहा वर्षं घोडं अडलं होतं. अठ्ठेचाळिसाव्या पुस्तकात काळनाथ गेला थेट सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामावर, तिथे खडकावर आपटून होडी फुटली आणि पुस्तक संपलं. त्यानंतर लेखिका किशोरीताई वालावलकरांनी लेखणीला हात लावला नाही. आता वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमाला त्या वेंगुर्ल्याहून येणार होत्या, पण फोनवर त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "येते, ती निरोप घ्यायला. काळनाथ आता तिथेच राहील. सभेतच जाहीर करीन."

सत्यवानांच्या ताटातला बांगडा त्या दिवशी तसाच राहिला. "एकोणपन्नासावां पुस्तक लिवन घेतलंय नाय, तर नावाचो सत्यवान नाय!" त्यांनी बायकोसमोर गर्जना केली.

"नाव बदलूचा आसात तर आधी सांगा," सावित्री म्हणाली. "रेशनकार्डारय बदलूचा पडतला."

आता आपल्याकडे कुठलंही कार्य गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. गावचा वडीलधारा देवाला मागणं सांगतो आणि जमलेली मंडळी 'होय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. तो मान दाजींचा. दाजींचं वय ब्याऐंशी, वाचन पंचांगापुरतं. आदल्या दिवशी सत्यवान त्यांच्या खळ्यात जाऊन बसले.

"कोणासाठी मागूचा?" दाजींनी विचारलं.

"काळनाथासाठी. सा वर्सां किल्ल्यात अडाकलो हा."

"आपल्या मालवणच्या किल्ल्यात? तेका परतीची होडी गावाक नाय?"

"होडीच फुटली, दाजी!"

शेवटची होडी चुकलेला पाहुणा कसा रडकुंडीला येतो, हे दाजींनी मालवणात पाहिलेलं होतं. पण सहा वर्षं! "मेलो खाता काय रे?"

"पाथरवटांच्या पंगतीक बसता." सत्यवान पुस्तकाच्या दोनशे बाराव्या पानावरून बोलत होते. दाजींना पानं फक्त खायची माहीत! त्यांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता वाचनालय गच्च भरलं. किशोरीताईंनी निरोपाचं भाषण चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलं होतं. दाजी नारळ घेऊन उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"हो जो काळनाथ, आवशी-बापाशीचो एकलो झील, सा वर्सां किल्ल्यात अडाकलो हा..."

"होय म्हाराजा!"

"तेची होडी फुटली हा, तेका कोण इचारूक नाय, तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मासे विकणाऱ्या वर्षालीला तर राहवेना. तिचा भाऊ प्रितेश मालवणच्या धक्क्यावर होडी चालवतो. तिने सभेतूनच त्याला फोन लावला.

"प्रितेश, किल्ल्यात सा वर्सां माणूस अडाकलो हा, आणि तुमी होडये कसले चालवतास रे?"

"मी आताच थंयसून इलंय! सगळे बरे आसत!"

"नीट बग! पाथरवटांत आसा!"

पाच मिनिटांनी प्रितेशचाच फोन आला. चार होड्या निघाल्याचं वर्षालीने सगळ्यांना ओरडून सांगितलं. एकीत पेज होती!

सत्यवानांना घाम फुटला. 'अहो, तो पुस्तकातलो!' असं सांगायला ते उठलेसुद्धा. तेवढ्यात त्यांचं लक्ष किशोरीताईंकडे गेलं. ताई रुमालाने डोळे टिपत होत्या. सत्यवान गुपचूप खाली बसले. काळनाथाचा विषय निघूनही ते गप्प राहिले, असं आयुष्यात प्रथमच घडलं.

"आणि काळनाथ इलो," दाजींचा आवाज चढला, "तर सत्यवान आपली सगळ्यात आवडती वस्तू वर्सभर सोडतलो! काय सोडतलंस रे?"

"बांगड्याचा तिखला," सत्यवान उदारपणे म्हणाले.

सावित्री ताडकन उभी राहिली. "खोटा! तेंका तिखल्यापरास काळनाथाच्या गजाली आवडतत! वर्सभर काळनाथाचा नाव तोंडातसून काढूचा नाय!"

"होय म्हाराजा!!" वाचनालयाची कौलं हादरली. सगळ्यात मोठा आवाज एसटीच्या ड्रायव्हरांचा होता.

किशोरीताई बोलायला उठल्या. त्यांनी भाषणाचा कागद काढला, बघितला आणि पुन्हा पर्समध्ये टाकला. "मी दुसरंच काही सांगायला आले होते," त्या म्हणाल्या. "पण चार होड्या निघाल्यात म्हणे. त्यांना रिकाम्या परत पाठवणारी मी कोण? आणते त्याला. लिहिते!"

टाळ्यांच्या कडकडाटात सत्यवान ढसाढसा रडले आणि ताईंना पांघरायच्या शालीनेच त्यांनी नाक पुसलं. दाजींना खरा प्रकार कळला तो चहाच्या वेळी. सत्यवान आशेने म्हणाले, "म्हणजे नवस रद्द?"

"देवाक काय," दाजी बशीत फुंकर घालत म्हणाले, "पुस्तकातलो आणि भायलो सारकोच. नवस तो नवस!"

अकरा महिन्यांनी पुस्तक आलं. तीनशे चौथ्या पानावर काळनाथ घरी पोचला आणि नवसाचं वर्ष सुरू झालं. पण सत्यवान अडकले ते पहिल्याच पानावर. तिथे छापलं होतं: 'कट्ट्याच्या सत्यवान परबांस. काळनाथाला यांनी घरी आणलं.'

छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं! सत्यवान अनवाणी धावत स्टँडवर गेले. सगळा बाजार समोर होता. त्यांनी तोंड उघडलं. बाकावर दाजी बसले होते.

"काय रे?" दाजींनी मायेने विचारलं. "काय बोलाचा आसा?"

सत्यवानांनी तोंड मिटलं.

तेव्हापासून ते रोज स्टँडवर उभे असतात. पहिलं पान उघडून पुस्तक छातीशी धरतात, येणाऱ्याजाणाऱ्याला बोटाने आपलं नाव दाखवतात आणि भुवया उडवतात. परवा देवगडहून आलेल्या एका आजींनी ते पान लांबून पाहिलं, चष्मा नव्हता म्हणून सोडून दिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "ह्या मुक्या बाबाक बसाक जागा दिया गो कोणी!"