इंगोलेची पिवळी अक्षरं

आमच्या शेतकी ऑफिसातल्या इंगोलेला लग्नपत्रिका दिली की हा गडी ती भिंतीला टेकवायचा, वीस पावलं मागं जायचा आणि तिथूनच ओरडायचा, "गुलाबीवर लाल काहून छापलं बे? नवरा कोन हाय, तेच दिसून नाही राह्यलं!" माझ्या सख्ख्या भावाच्या पत्रिकेचंही असंच केलं. वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

इंगोले रोजंदारीवरचा पेंटर. शेतकऱ्यांना पडद्यावर दाखवायच्या काचेच्या स्लाइडा रंगवायचा. चिमणीच्या धुरावर काच काळी करायची, सुईनं अक्षरं कोरायची, वर पिवळा रंग चढवायचा. दुसरा रंग सुचवला की म्हणे, "लाल म्हंजे जवळून नवरी, दुरून चिखल!"

बहात्तरच्या दुष्काळानंतर नवे साहेब आले. त्यांच्या सहीनं इंगोले पर्मनंट होणार होता. पाच वर्षं बिचारा वाट पाहत होता. साहेबांनी फर्मावलं, "कपाशीवरचं औषध विषारी आहे. हिरव्यावर लाल अक्षरं काढा." मी इंगोलेला कोपऱ्यात घेतलं. "बाबा रे, सही होईपर्यंत तरी लाल काढ." आणि काय आश्चर्य, त्यानं निमूट लाल काढलं!

मेडशीच्या शाळेत खिडक्यांना पोती लावून भर दुपारी कार्यक्रम. पुढं खुर्च्यांवर साहेब आणि सरपंच, मागं भिंतीशी बायाबापड्या. लाल स्लाइड लागली, साहेब खूश. तेवढ्यात मागून आवाज आला, "अवो, काहीच वाचता नाही येऊन राह्यलं!"

ती गयाबाई, इंगोलेची बायको. गावी, मेडशीतच राहून ती लोकांच्या कपाशीत मजुरीला जायची.

इंगोलेनं खिशातल्या रुमालातून दुसरी काच काढली आणि मशीनमध्ये सरकवली. काळ्यावर पिवळं.

"इंगोले!" साहेब गरजले.

पण मागं गयाबाई एकेक अक्षर जुळवत होती, "औषध... हातानं... कालवू नका."

"माय वं! तुले वाचता येते?" शेजारीण म्हणाली.

"यायनं शिकवलं," गयाबाई इंगोलेकडं बघत लाजून म्हणाली.

सही झाली नाही. परतीच्या एस.टी.त मी भडकलोच. "कायले केलं तू हे? पाच वर्षं पाण्यात घातली!"

इंगोले रिकाम्या रुमालाची घडी घालत म्हणाला,

"मांगच्या साली तिचे दोन्ही हात सोलून निघाले गा. डब्यावर सारं लिव्हेल होतं. तिले कुठं वाचता येत होतं? मी गावोगाव लोकायले शिकवत फिरलो, अन् घरचीलेच तवा शिकवलं नव्हतं."