भामरेअण्णांची वजनदार निवड

आमचे भामरेअण्णा कादंबरी सुचवण्याआधी ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवतात. काटा सातशे ग्रॅमच्या पुढे गेला की त्यांचा चेहरा खुलतो. "वजन शे," ते म्हणतात. गडी मूळचा बागलाणचा. खुशीत आला की अहिराणीत शिरतो.

नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात झाली, कोळशाच्या वॅगनी वजन करून घेण्यात. त्यामुळे असेल, पण हलक्या पुस्तकावर त्यांचा विश्वास नाही. "दोनशे ग्रॅममध्ये माणूस काय कळणार?" असं ते विचारतात आणि उत्तराची वाट पाहत नाहीत.

इंदिरानगरमधल्या आमच्या वाचन मंडळात आम्ही सात जण. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता जमतो. प्रत्येकाने पाळीने एक नवी कादंबरी सुचवायची, आणि ती संपेपर्यंत बैठका त्याच्याच घरी, असा नियम. वही माझ्याकडे असते. गेल्या बावन्न रविवारांत प्रत्येकाची पाळी दोनदा आली. बाकी सहा जणांच्या बारा कादंबऱ्या एकवीस रविवारांत संपल्या. अण्णांच्या दोन कादंबऱ्यांना एकतीस लागले.

जाड कादंबरीची एका रविवारी चाळीसच पानं, हा त्यांचा आग्रह. त्यापुढे पचत नाही म्हणे. त्यांची दुसरी कादंबरी दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदार घराण्याची, सहाशे ऐंशी पानांची. तिच्यात आठवा रविवार उलटला तरी थोरल्याचं लग्न ठरेना.

"अण्णा, हे पुस्तक आहे की उशी?" कुलकर्णी मॅडमनी विचारलं.

"उशीसुद्धा डोक्यासाठीच असते, मॅडम. चहा घ्या."

शेवटी त्यांच्या अपरोक्ष ठराव झाला: यापुढे अडीचशे पानांची मर्यादा, आणि कादंबरी दोन रविवारांत संपवायची. पुढची पाळी अण्णांचीच होती. आकडे माझे, तेव्हा कळवायचं कामही माझ्याकडे आलं. बुधवारी मी त्यांच्या फ्लॅटवर गेलो.

हॉलमध्ये सात खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. अधल्या मधल्या वारी.

"आवरल्या नाहीत अण्णा?"

"ठेवू कुठे? जागा नाही घरात."

फ्लॅट तीन खोल्यांचा आहे आणि राहणारा माणूस एक. मी ठराव वाचून दाखवला. वाद होईल म्हणून एकतीस रविवारांचा तक्ताही नेला होता. त्यांनी तो नीट पाहिला, बेरीज तपासली आणि परत दिला.

"बरोबर आहे. लोकांना कामं असतात."

मग उठून त्यांनी कपाट उघडलं. खालच्या दोन फळ्या बारीक पुस्तकांनी भरलेल्या होत्या. त्यातलं एक त्यांनी माझ्या हातात दिलं. एकशे बारा पानं. समासांत शेवटच्या पानापर्यंत पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"ही घ्या या वेळी. यंदा आलेल्यांत हिच्या तोडीची दुसरी नाही. तीनदा वाचली मी."

"मग आधी का नाही सुचवलीत?"

त्यांनी माझ्या हातातल्या पुस्तकाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"एका रविवारात संपते हो ती."

मी तक्ता घडी करून खिशात घातला, येतो म्हणालो आणि दारात चपला घातल्या. अण्णा सोडायला आले. कडीवर हात ठेवून थांबले.

"तो ठराव रविवारपुरताच आहे ना?"

"हो."

"आज बुधवार आहे."

घरी मी वीस मिनिटांत येतो असं सांगून निघालो होतो. त्यातली अठरा झाली होती. मी चपला काढल्या.